गौरीचे हात

कोकिळावहिनी,

गेल्या पावसाळ्यात डोंगरावरून आणलेली अनोळखी वेल मी अंगणात लावली आणि तुम्ही ती उपटलीत. "अगो, कळलावी हाय ती, भांडणं लावंल. घरात एक हाय तेवढी पुरे," असं सासूबाईंदेखत म्हणालात. मी कंद उचलून माहेरी परसात पुरला. काल आईचा निरोप आला. वेल लाल-पिवळ्या फुलांनी भरलीय, आणि गौरीला हात म्हणून लावतो ती हीच फुलं!

ओढ्याला पूर आहे, डोंगरावर ती फुलं आणायला आता कुणी जाणार नाही. मी माहेरच्या गौरीला निघाले. गौर म्हणून बसवायचा तेरडा धुऊन सुपात ठेवलाय. आपली गौर यंदा हातांवाचून बसेल. का, ते सासूबाईंना तुम्हीच सांगा. सांगण्यात काही राहिलंच, तर परवा मी येतेच आहे.

सत्यवती