बँकेचं तोंड लावलेलं पान

४ ऑगस्ट २००८, सोमवार. भोर

आज नव्या कामावर बसलो, आणि टेकतो न टेकतो तोच चहा आला, त्यामुळं दुकान मला आवडलं. एसटी स्टँडसमोर अमजदचं नेटकॅफे आहे. भिंतीला लागून कॉम्प्युटर, कोपऱ्यात फोनची काचेची केबिन. अमजद माझ्या लेकीचा, नूतनचा, शेजारी. तो टेम्पो घेऊन पुण्याच्या फेऱ्या मारतो, त्याला मागं भरवशाचं माणूस हवं होतं. मी पासलीचा शिंपी. सुईत दोरा ओवणं जमेना तेव्हा लेकीकडं आलो आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका बोटानं शिकलो. अमजदनं विचारलं, चिमाजीकाका, व्हायरस म्हंजी काय ठाऊक हाय का? म्हणालो, कापडाला कसर लागते तसंच काहीतरी असणार. म्हणाला, मग झालं, बसा.

आधी कीबोर्ड उलटे करून झटकले. काय काय निघालं, देवा. बिस्किटांचा भुगा, नखं, केस, झुरळाची अंडी. जुन्या ब्रशनं घासले तरी बोटांना वास राहिलाच. पण आता दुकान कसं लख्ख दिसतंय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खुर्शिदाबाई आल्या. त्यांचा खालिद मस्कतला परक्याचा ट्रक चालवतो. पुण्यातल्या बँकेत मायलेकांच्या नावावर खातं आहे, त्यात तो पैसे साठवतो. टेम्पोपुरते साठले की कायमचा घरी येणार. बाई त्यातलं काही काढत नाहीत. फक्त शुक्रवारी येऊन आकडा बघतात. म्हणाल्या, भाऊ, पोराचं तोंड बघितल्यागत वाटतंय.

त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून टाईप मी करतो. बँकेचा पत्ता एकेक अक्षर दाबून लिहितो. मेलमधल्या आयत्या दुव्यावर कधी दाबायचं नाही, ही अमजदची सक्त ताकीद. पासवर्ड म्हणजे त्यांच्या शेळीचं नाव आणि खालिदचं जन्मसाल. बाई तो माझ्या कानात सांगतात. माझं एक अक्षर चुकलं आणि बँकेनं दार उघडलं नाही. तर म्हणाल्या, आमची बकरी मानाची हाय, नाव धड घ्या. दोघंही पोटभर हसलो.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज किळसवाणा प्रकार झाला. कडेच्या कॉम्प्युटरवर, ज्यावर खुर्शिदाबाईंचं काम करतो त्यावर, एकाएकी किडे चालायला लागले. खरे नव्हेत, चित्रातले. पण पाय हलवत काचभर फिरत होते आणि चित्र कुरतडत होते. मधोमध चौकट आली: तुमच्या मशीनमध्ये किडे आहेत, साफ करू का? मला घाण सहन होत नाही. गोचीड दिसला की उपटायचा, असा माझा हात. दाबलं ‘होय’. किडे गेले. म्हटलं, बरं झालं, गुणाचं आहे बिचारं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बाई आल्या. पत्ता नेहमीसारखा लिहिला, तो मला आता पाठ आहे. शेळी आत गेली. आकडा मात्र दिसला नाही. पानानं विचारलं, एटीएम कार्डाचा नंबर सांगा, पिन सांगा, आईचं माहेरचं नाव सांगा. कार्ड बाईंच्या पेटीत कुलूपबंद. म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी आणते, आता वरव्याला बहिणीकडं चालले. जाताना पडद्यावरून पदर फिरवला, जसा लेकराच्या तोंडावरून फिरवतात.

बँक एवढी चौकशी करते, म्हणजे काळजीच घेत असणार, असं मला वाटलं. पण ते पान काहीसं आंबल्यासारखं वाटत होतं. ओळखीच्या माणसाच्या तोंडाला आज वेगळाच वास यावा, तसं.

२५ ऑगस्ट, सोमवार

जेवताना नूतनला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, अण्णा, बँक पिन कधीच विचारत नाही, मॅनेजरसुद्धा विचारत नाही.

दुकानात आलो आणि तेच पान उघडलं. शेळीचं नाव मुद्दाम खोटं लिहिलं. मागं एका अक्षराला अडून बसलेली बँक आज कोणालाही आत घेत होती. मग शिव्या लिहिल्या. मग पिनच्या जागी डुकराची घाण असं लिहिलं. पानानं सगळं गिळलं आणि धन्यवाद म्हणालं.

बाहेर जाऊन गटारापाशी थुंकलो. तोंडाची चव जाईना.

२७ ऑगस्ट, बुधवार

अमजद आला. म्हणाला, काका, तुमचं बोट चुकलं न्हाई. नसरापूर फाट्यावरची पाटी कुणी फिरवून ठेवली, तर ड्रायव्हरनं गाडी नीट हाकूनबी वेल्ह्याचा माणूस भलत्याच गावाला उतरंल. तशी पाटी ह्या मशीनच्या पोटात फिरवलीय. त्या किड्यांना ‘होय’ म्हटलं तेव्हाच. वर पत्त्यापाशी कुलपाचं चित्र असतं, ते बघितलंत का?

नव्हतं कुलूप. मी पत्ता बघत होतो, कुलूप नाही.

म्हणाला, पासवर्ड चोरांकडं गेलाय, आता खातं बंद करायला बाईंनीच बँकेशी बोलाय पायजे. बाई वरव्याला. बहिणीकडं फोन नाही, तिचं घरही ठाऊक नाही. मशीन मी आल्यावर बघतो, असं म्हणून तो फेरीवर गेला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मशीनची इंटरनेटची वायर उपटली. खात्री म्हणून पत्ता लिहिला—

पान उघडलं.

वायर माझ्या हातात. तरी बँकेचं ते तोंड काचेवर हसत होतं. म्हणजे हे बाहेरून येत नाही. ते इथंच राहतं. आत, त्या डब्यात. त्यानं इथं घर केलंय. आणि मी रोज फडक्यानं वरून पुसत होतो—

ह्याच बोटांनी. शिसारी येते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

बाई आल्या. सांगितलं. आधी हसल्या, मग बसल्या. म्हणाल्या, माझं पोरगं तिकडंच राहणार का, भाऊ? एवढंच. मला वर बघवेना.

बँकेची पुण्यातली शाखा एव्हाना आजच्यापुरती बंद झाली असणार. फोन तरी करू. केबिनच्या भिंतीवर कामाचे नंबर लिहिलेत, त्यात बँकेचाही होता. लावून दिला. लगेच उचलला. बाई बोलायला लागल्या आहेत. माणूस भला आहे, खातं लगेच बंद करतो म्हणतोय, असं बाईंनी दारातून सांगितलं. कार्ड मागितलं, बाई हातात धरून अंक वाचतायत. काचेतून दिसतंय.

जरा हायसं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. बाईंचं पासबुक इथं टेबलावर आहे. मागं बँकेचा नंबर छापलाय. हा तर वेगळा—

मग भिंतीवरचा? अक्षर माझंच. कधी लिहिला? त्या शुक्रवारी. पिन मागणाऱ्या त्या पानाच्या तळाशी होता, अडचण आल्यास—

केबिनचं दार लावलंय. बाईंचे ओठ हलतायत. एक आकडा, दुसरा आकडा, त्या पिन सांगतायत—