डाव्याची साक्ष

मी, खाली सही करणारी बाई, वय एकाहत्तर, अविवाहित, कोर्टातून निवृत्त झालेली स्टेनो, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. एकतीस वर्षे मी इतरांची मृत्युपत्रे कोर्टात वाचली जाताना ऐकली. प्रत्येकात हे वाक्य होते आणि निम्म्यांच्या बाबतीत ते मला पटले नव्हते. माझ्या बाबतीत पुरावा म्हणून एवढेच नोंदवते, की मी घाबरलेली आहे. आमच्या गल्लीत सध्या जे घाबरलेले नाहीत, त्यांची डोकी तपासून घ्यावीत.

अक्षर थरथरलेले दिसेल. ते आजारपणाचे समजू नये. मिनिटाला एकशे वीस शब्द उतरवून घेणारा हात आहे हा. बाहेर एखादी मोटारसायकल फाटकाशी हळू झाली की तो थांबतो आणि ती पुढे गेली की पुन्हा चालू होतो. मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणत, भीती आपोआप येते, खोटे मात्र शिकावे लागते. भीती आलेली आहे. दुसऱ्या विषयात मी कशी निघाले ते पुढे येईल.

हे आजच लिहिण्याचे कारण असे. परवा, रविवारी सकाळी दहाला, आमच्या फुटबॉल क्लबाच्या मैदानावर सभासदांची सभा आहे. माझ्या गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूने तिथे सगळ्यांसमोर माफी मागावी, असे पत्र क्लबाने त्याला पाठवले आहे. तो जाणार आहे. मी त्याच्याबरोबर चालत जाणार आहे आणि तिथे मलाही काही सांगायचे आहे. ते सांगून झाल्यावर कोणत्या अवस्थेत परत येईन, हे ठाऊक नाही. म्हणून आधी घर आवरून ठेवते.

कलम एक. माझे घर, म्हणजे तळमजला आणि पहिला मजला, मी धाकट्या भावाच्या मुलीला देते. तळमजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांना हलवू नये. त्या भाडे वेळेवर देतात आणि रात्री-अपरात्री शेजाऱ्यांची नाडी फुकट बघतात. भाचीने स्वयंपाकघरातली खिडकी मोठी करून घ्यावी. मला तीस वर्षे करायची होती. दर वर्षी क्लबाचा मोसम सुरू झाला आणि राहून गेली.

कलम दोन. गच्चीवरची खोली, तिथला पलंग, टेबल आणि पंखा यांसह, मी त्या खोलीत चार वर्षे राहणाऱ्या आमच्या क्लबाच्या लेफ्ट बॅकला देते. डाव्या पायाने खेळतो म्हणून सगळे गाव त्याला डावा म्हणते. आला तेव्हा दोन बॅगा होत्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट. पहिल्याच दिवशी मला आजी म्हणाला. मी म्हटले, आजी तुझ्या घरी, इथे मावशी म्हणायचे. तेव्हापासून मावशी म्हणतो आणि दुपारी माझी झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन जिना चढतो.
(हे कलम रद्द. रेघ मारून बाजूला सही केली आहे. कारण कलम आठमध्ये. कोर्टाच्या कागदावर मी कधी खरवडून शब्द पुसला नाही, स्वतःच्या कागदावरही पुसणार नाही.)

कलम तीन. बँकेत जे आहे ते सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटासाठी. माझी पुस्तके आणि शिवणयंत्र भाचीला. लोखंडी कपाट धाकट्या भावाला, पण एका अटीवर. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर जे लिहिलेले आहे ते त्याने स्वतःच्या हाताने, दोन हात रंग देऊन मिटवायचे. माणूस लावायचा नाही. मी सतरा वर्षांची असताना ‘मुलींनी मैदानावर जाऊन काय दिवे लावायचेत’ असे जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला होता. एका भिंतीत ते फिटेल असे धरते.

त्या भिंतीवर लिहिलेले वाक्य माझे आहे. आता त्याच्याकडे येते.

कलम चार. पूर्व स्टँड, रांग सहा, सीट अकरा. ही सीट एकोणतीस वर्षे माझी आहे. ती मी शेजारच्या सीट बारावर बसणाऱ्या निवृत्त पोस्टमनला देते. तोंडात बोटे घालून वाजवतो म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात. त्याला पाय पसरायला जागा लागते. आता होईल.

बारा दिवसांपूर्वी आम्ही दोघे तिथेच बसलो होतो. सत्तावीस वर्षांनी क्लब चषकाच्या इतका जवळ आला होता. गुणांच्या हिशोबाने बरोबरी पुरेशी होती. शून्य-शून्य. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा पोरगा आणि आमचा डावा दोघेही बॉलवर एकदम घसरले आणि बॉल आमच्या गोलाशेजारून रेषेबाहेर गेला. शेवटचा पाय कुणाचा हे देवालाच माहीत. रेफरीचा हात गोलकिककडे, म्हणजे बॉल आमचा म्हणून, अर्धा वळलासुद्धा. मग त्याला शंका आली. त्याने डाव्याला काहीतरी विचारले. रांग सहामधून ऐकू येत नाही, पण मान दिसते. डाव्याची मान हलली. तुला लागला? हो.

म्हणजे बॉल त्यांना, कॉर्नर. त्यावर गोल. दोन मिनिटांनी सामना संपला आणि चषक गेला.

कॉर्नर अडवायला आमची दहा माणसे गोलासमोर उभी होती. गोलकीपर तर फोटो काढून घ्यायला उभा राहिल्यासारखा. पण दहा जणांवर रागावता येत नाही, हात पुरत नाहीत. एकावर रागावणे सोयीचे पडते.

कलम पाच, आणि हेच कलम मी रविवारी मैदानावर तोंडी सांगणार आहे. सामना संपल्यावर अख्ख्या स्टँडवर प्रेत उचलायच्या आधी पसरते तशी शांतता पसरली. डावा मान खाली घालून आमच्या समोरून चालला होता. मी माझ्या जागेवरच उभी राहिले आणि ओरडले, ‘किती घेतलेस रे, हरिश्चंद्रा?’

माझा आवाज मागच्या बाकापर्यंत साक्ष वाचून दाखवणारा आहे, त्याला कधी माईक लागला नाही. आधी आजूबाजूचे हसले. मग मागच्या रांगेने तेच म्हटले. मग शिट्टीने ठेका धरला. फाटकापर्यंत पोचेतो हजार तोंडे तेच म्हणत होती आणि त्यातली नऊशे नव्याण्णव आता शपथेवर सांगतील की हे कुठून आले त्यांना माहीत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने ‘चौकशीची मागणी’ असे छापले. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवर आले. त्याने पैसे घेतल्याचा एकही पुरावा नाही. माझ्याकडे नव्हता, कुणाकडेच नाही. पुराव्यावाचून केलेला आरोप मी एकतीस वर्षे नाक मुरडून उतरवून घेतला आणि एकाहत्तराव्या वर्षी स्वतः केला.

खोटे लिहायचे नाही म्हणून हेही लिहिते, की माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही. भांडी घासताना मध्येच वाटते, गप्प बसला असता तर काय आकाश कोसळले असते? मग मला सिस्टर आठवतात आणि मी भांडे जोरात आपटते.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी चहा टाकला.  तो म्हणाला, मावशी, घसा बसलाय तुमचा, आणि स्वतः पाणी गरम करून, मीठ घालून, गुळण्यांना ग्लास आणून दिला. तो ग्लास हातात धरून मी जितकी घाबरले, तितकी पुढच्या बारा दिवसांत दगडालाही घाबरले नाही.

दगड मागच्या बुधवारी दुपारी आला. वरच्या खिडकीतून, थेट पलंगावर. डावा तेव्हा आंघोळीला गेला होता. डोके जिथे असते तिथे, उशीवर, काचा होत्या. दगड मी पिशवीत घालून, तारीख-वेळ लिहून, सील करून कपाटात ठेवला आहे. फोन रोज येतात. एक जण नुसता विचारतो, हरिश्चंद्र आहेत का घरी? आणि ठेवतो. मी सांगते, चुकीचा नंबर. तेही खोटेच. डावा आता खिडकीपासून लांब, जमिनीवर झोपतो. जेवण अर्धे परत पाठवतो. वरून पावलांचा आवाज आला नाही की मी जिन्याखाली उभी राहते, आणि आला की पुन्हा खुर्चीत येऊन बसते. दिवसातून किती वेळा ते मोजलेले नाही.

कलम सहा. किरकोळ. क्लबाच्या प्रशिक्षकाला माझा जुना चष्मा; शेवटच्या दहा मिनिटांत एकही बदली खेळाडू उतरवला नाही, बाकावर बसलेले त्याला दिसले नसावेत. त्या वर्तमानपत्राच्या संपादकाला माझा शब्दकोश, ‘आरोप’ आणि ‘बातमी’ या पानांवर खूण घालून.

कलम सात. माझ्यावर क्लबाचा झेंडा पांघरू नये. शिट्टीने वाजवू नये. भाचीने रडायचे असल्यास घरी रडावे, रस्त्यात नाही.

कलम आठ. साक्षीदारांविषयी.

आज पाचला दोन साक्षीदार यायचे ठरले होते. डॉक्टरीणबाई खाली पेशंट थांबवून आल्या. शिट्टी आला नाही. मी फोन केला. तो म्हणाला, ‘तुझ्या घरात तो आहे तोवर मी उंबरा ओलांडणार नाही. त्याला बाहेर काढ, दहा मिनिटांत येतो.’ मी म्हटले, एकोणतीस वर्षे शेजारी बसलास. तो म्हणाला, म्हणूनच एवढं सांगतोय, रविवारी तू जाऊ नकोस, पोरं तयारीत आहेत. शिट्टी थट्टा करतो तेव्हा मला कळते. ही थट्टा नव्हती. मी फोन ठेवला. सीट त्यालाच राहील. दिलेले मी रागाने परत घेत नाही.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितले. म्हणाल्या, ‘अहो, मग वरच्यालाच बोलवा की.’

मी सांगितले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही करायची नसते. केली, तर त्याला दिलेले रद्द होते. शिट्टीची सीट क्लबाची, ती मालमत्ता धरत नाहीत; खोली मात्र मालमत्ता आहे. तो एक तर माझा वारस होईल नाही तर साक्षीदार.

मग मी आठवून बघितले. हजारो साक्षीदार माझ्या पेन्सिलीखालून गेले. हात वर करून शपथ घेतलेले, वकिलाने आठ दिवस पढवलेले. कुणी धमकावलेले नसताना, स्वतःचे सगळे पणाला लागलेले असताना, एका शब्दात खरे सांगून मोकळा झालेला एकही आठवेना. खोली कुणीही कुणाला देऊ शकते. तू सांगितलेस ते खरे धरते, हे सध्या या गावात त्याला कुणी म्हणत नाही. त्याला साक्षीला बसवणे म्हणजे तेच म्हणणे, म्हणून मी कलम दोनवर रेघ मारली. गच्चीवरची खोलीही भाचीकडे जाईल.

डाव्याला हाक मारली. चपला हातात घेऊन खाली आला. साक्षीदाराने मजकूर वाचावा लागत नाही, फक्त माझी सही होताना पाहावी लागते. हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही मी सगळे कागद त्याच्या हातात दिले आणि म्हटले, वाच. रविवारी हजार माणसांत कळण्यापेक्षा आज कळू दे.

त्याने उभ्यानेच वाचले. पाचव्या कलमावर आला हे मला पान उलटायचे थांबले त्यावरून कळले. मी टेबलाकडे बघत होते.  तो आता बॅगा भरायला वर जाईल, आणि फाटकाबाहेर मोटारसायकली आहेत, एवढेच डोक्यात फिरत होते.

तो म्हणाला, ‘मावशी, इथे एक चुकलंय.’

‘कुठे?’

‘जागेवर उभं राहून ओरडले असं लिहिलंय. तुम्ही जागेवर नव्हतात. खाली कठड्यापाशी आला होतात. मी बघितलं तुम्हाला.’

डॉक्टरीणबाईंनी पेनाचे टोपण लावले आणि परत काढले.

मी विचारले, बारा दिवस ठाऊक होते, मग बोलला का नाहीस?

‘तुम्ही विचारलं नाहीत.’

कलम पाचमध्ये ‘माझ्या जागेवरच उभी राहिले’ असे आहे तिथे ‘सहा रांगा उतरून कठड्यापाशी गेले’ असे वाचावे. साक्षीदाराचे म्हणणे बरोबर आहे. मला ते आता आठवते. कठड्याचा लोखंडी गारवासुद्धा आठवतो.

मग मी त्याला आणखी एक विचारले, रविवारची भीती वाटते का. म्हणाला, ‘हो.’ रेफरीला सांगितले असेल तसेच, एका शब्दात. मी म्हटले, मलाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहाला सभा आहे तर पावणेदहाला निघू, दवाखाना बंद ठेवते. त्यांना कुणी विचारले नव्हते.

वरील आठ कलमे, एक रद्द आणि एक दुरुस्त, मी वाचून, समजून, भीतीसकट मान्य केली आहेत आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली आहे.

स्थळ : माझे जेवणाचे टेबल, पहिला मजला
दिनांक : चौदा जून, शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे

लिहून ठेवणार : सही (थरथरलेली, पण माझीच)

साक्षीदार पहिला : सही. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई.

साक्षीदार दुसरा : सही. डावा. व्यवसाय लेफ्ट बॅक. राहणार याच घरी, गच्चीवर. या मृत्युपत्राने याला काहीही मिळालेले नाही.