हे प्रेक्षकांनी ठरवायचं नाही

मी, श्रीमती शुभा गुरुनाथ केळूसकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार डब्लिन, ओहायो, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणीही भरीस न घालता लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या डोक्याबद्दल या देशातल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी आधीच मत देऊन ठेवलं आहे. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. अंमलबजावणी श्री. प्रल्हाद यंदे यांनी करावी.

कलम १. वारस. माझे पती गुरुनाथ तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगा आर्य अकरा वर्षांचा असताना गेला. मुलगी आरोही लॉस एंजेलिसला असते, टीव्हीसाठी लिहिते. शाळकरी मुलांची ती थरारमालिका, जिच्यावर सगळीकडे चर्चा चालते, ती तिचीच. नाव इथे घालत नाही, फुकटची जाहिरात कशाला? त्यातली भारतीय आई फार्मासिस्ट आहे. ती मुलाच्या खाण्यात काहीतरी कालवते आणि मुलगा मरतो. आईनंच मारलं का, हे दोन सीझन झाले तरी सांगितलेलं नाही.

कलम २. समीक्षक. मालिकेवर आलेलं सगळं मी वाचलं आहे. न्यूयॉर्कच्या एकानं लिहिलं, "या दशकातली सर्वांत थंड आई." त्या नटीला बक्षीस मिळालं, मिळो बापडीला. एका बाईंनी लिहिलं की मरणाऱ्या भावाचं पात्र अनावश्यक आहे, पहिल्याच भागानंतर काढून टाकलं असतं तरी काही बिघडलं नसतं. माझा आर्य अनावश्यक! या बाईंना माझा तळतळाट लागो. हे वाक्य गाळायचं नाही, असं वकिलांना बजावलं आहे. तिसरे गृहस्थ म्हणतात की खरं काय ते न सांगणं हीच या मालिकेची ताकद. अहो, तुमची ताकद होते आणि इथे मला दुकानात लोक टाळतात.

कलम ३. माझं सर्वांत मोठं पातेलं मराठी मंडळाला द्यावं. आरोहीची मालिका येणार म्हणून मंडळानं तिचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, आणि शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पहिला भाग. आधी तो कोणी पाहिलेला नव्हता, मीही नाही. आपल्या पोरीचं कौतुक करायला आधी बघावं कशाला लागतं? आरोही मात्र ऐन वेळी आली नाही, शूटिंग आहे म्हणाली. मी शंभर माणसांचा शिरा करून नेला होता. पडद्यावरच्या आईनं मुलाला चमचा भरवला आणि हॉल गार पडला. दिवे लागल्यावर प्रल्हादभावजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, फोटोग्राफी मात्र उत्तम हं." शिऱ्याला कोणी हात लावला नाही. पातेलं गाडीत ठेवताना गुरुनाथ म्हणाले, "आपण खाऊ गं." आठवडाभर आम्ही दोघं शिराच खात होतो. त्यानंतरच्या गणपतीत मी नेलेली कोशिंबीरही तशीच परत आली. मग मी न्यायचंच बंद केलं.

कलम ४. चिनी मातीचा छोटा खल शेजारच्या रुहीला द्यावा, वेलदोडे कुटायला. ती अजून माझ्याकडे खाते. नऊ वर्षांची आहे, तिला मालिका बघायची परवानगी नाही. या खलात मी आर्यच्या गोळ्या कुटत असे. त्याला फिट्स यायच्या. गोळी दिसली की तो थुंकून टाकायचा, म्हणून डॉक्टरांना विचारून मी ती साखरांब्यातून द्यायची. आरोही तेव्हा आठ वर्षांची. दारात उभी राहून बघायची, आणि मी तिला सांगायची, "दादाला सांगू नकोस हं." एका सकाळी तो उठलाच नाही. फिट झोपेतच आली होती. आरोहीनं मालिकेसाठी हा खल मागितला होता. मी म्हटलं, मेले तरी देणार नाही.

कलम ५. फोनवर मी तिला सरळ विचारलं होतं, "अगं, ती आई म्हणजे मीच ना?"

"आई, इट्स फिक्शन. एवढं पर्सनली नको ना घेऊस."

मग मुलाखतीत तिला विचारलं की हे खरं घडलं आहे का, तेव्हा ही म्हणाली, "ते प्रेक्षकांनी ठरवायचं." नाही म्हणायला एक शब्द लागतो.

गेल्या महिन्यात थँक्सगिव्हिंगला ती आली. मी भरली वांगी केली होती, तिला आवडतात म्हणून. ताट वाढलं. ती हात मांडीवर ठेवून बसली. म्हणाली, "आई, यू स्टार्ट." मी खाल्लं. मी गिळेपर्यंत तिनं बघितलं, आणि मग घास घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

कलम ६. घर, बँकेतली शिल्लक, दागिने, सगळं आरोहीचं. वकील म्हणाले, अट घाला, मालिकेत खुलासा केला तरच घर मिळेल. मी नको म्हटलं. अट घातली तर ती घरासाठी लिहील आणि तिला खरं काय वाटतं ते कधीच कळणार नाही. हॉस्पिटलचे जुने कागदही मागवता आले असते. तेही मागवले नाहीत. मी तिची आई आहे, आरोपी नाही.

तिसरा सीझन शेवटचा आहे असं ऐकते. आरोही, मी मारलं असं तुला वाटत असेल तर मला मारताना दाखव, सगळ्या जगाला दाखव. वाटत नसेल तर तसं स्पष्ट म्हण. पण असं अधांतरी ठेवू नकोस गं. तुझ्या दादाला मी मारलं नाही. तू दारात उभी राहून जे बघत होतीस ना, ती त्याला जगवायची माझी धडपड होती. तू एकदा विचारशील म्हणून मी त्या दिवशी जेवण झाल्यावरही टेबलावरून उठले नव्हते. तू ताट विसळलंस आणि वर झोपायला गेलीस.

वरील मजकूर माझा, अक्षर माझं, आणि सहीही मीच केली आहे.

(सही) शुभा गुरुनाथ केळूसकर

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिलं आणि त्यांच्यासमोर आपल्या सह्या केल्या.

साक्षीदार:
१. (सही) प्रल्हाद यंदे
२. (सही) वसुधा मोघे

स्थळ: डब्लिन, ओहायो
दिनांक: ९ डिसेंबर २०२५