खोलीतलं खोलीत

प्रिय ताई,

"कपबश्या विसळणाऱ्याने दाजींच्या रजेत नाक खुपसू नये," असं लिहायला तुझा हात कसा धजावला गं? दोन पत्रं पाठवली, दोन्हींत एकच मागितलं: दाजींना साठलेली रजा घ्यायला लाव. तू कारण विचारलंस, मी गप्प बसलो. गप्प बसण्याचाच तर पगार मिळतो इथे.

तू आमच्या संस्थेला गप्पांचा कारखाना म्हणतेस. असेल. मागची लढाई संपल्यावर तीन निवृत्त राजदूतांनी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक टेबल टाकलं. म्हणाले, पुढची पेटण्याआधी कुणीतरी शांत डोक्याने विचार करायला हवा. आज तीन मजले आहेत. परक्या देशांशी कसं वागावं याचे अहवाल इथून सरकारात जातात. नियम मात्र जुनाच: खोलीतलं खोलीत. सात नोकऱ्या मी तोंडामुळे घालवल्या, ही आठवी तोंड शिवून टिकवली.

गेल्या महिन्यात नव्या अहवालाच्या प्रती लावत होतो. चौथीत शाळा सोडलेला मी, पानं आकड्यांवरून लावतो, मजकुराच्या वाटेला जात नाही. पण एकतिसाव्या पानावर 'चौकी क्रमांक सतरा' दिसलं आणि हात थांबला. दर महिन्याला दाजींना सरहद्दीवर पत्र धाडताना पाकिटावर हेच तर लिहितो. मग बोट ठेवत ठेवत वाचलं. तणाव वाढला तर पंधरा ते सतरा या चौक्यांना कुमक पाठवू नये. ती हानी 'सोसण्याजोगी' आहे. कुणी सोसायची, ते लिहिलेलं नाही.

नकाशे काढणाऱ्या बाईंना विचारलं, सतरावर माणसं असतील ना. बाई वाईट नाहीत. उभ्याउभ्या चहा पीत म्हणाल्या, "अरे, तो ठिपका आहे." आपला ठिपका शिट्टी वाजवत कांदा चिरतो, लेकीला खांद्यावरून उतरू देत नाही, हे त्यांना काय सांगू?

या गुरुवारी अहवाल सरकारात गेला. मानतील, न मानतील. म्हणून आज नियम मोडतोय. वाचलंस की जाळून टाक. सापडलं तर नववी नोकरी शोधेन, त्याचं काही नाही. दाजींना खरं कळवू नकोस, सोबत्यांना सोडून ते यायचे नाहीत. लेक आजारी आहे म्हण. खोटं माझ्या माथी. बाकीच्यांच्या घरचे पत्ते मला ठाऊक नाहीत, ताई, तेही माझ्याच माथी.

तुझाच,
कपबश्यावाला

ता. क. दाजींच्या तिकिटाचे पाठवतोय, फक्त येण्याचे: चार हजार.