बंडोपंतकाकांना पेवातून वर काढल्याबाबत

अल्लीपूर,
शुक्रवार, ता. २१ मे १९५४

चि. कृष्णकांत यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू, सौ. मीरा आणि मुले खुशाल आहात असे मी धरून चालते. धरून चालते म्हणायचे कारण, तुझ्या चार पानी पत्रात प्रकृतीबद्दल एक अक्षर नाही, चारही पाने माझ्या वर्तणुकीबद्दल आहेत. मीराचा खोकला अजून असेल तर तिला अडुळशाचा काढा दे आणि तुझी सिगारेट अंगणात ओढ. माझी प्रकृती ठणठणीत आहे. बंडोपंतकाकांचीही ठणठणीत आहे, आणि ती तशी का आहे हे तुला त्यांनी कळवलेले दिसत नाही म्हणून मी कळवते.

तू लिहितोस की बाबांच्या माघारी आपल्या घराण्यात वडीलधारे असे एकच माणूस उरले, त्यांना मी चाळीस माणसांसमोर, धोतराशिवाय, दोराला टांगून ठेवले, आणि एकावन्न वर्षांच्या, मुलींच्या शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या बाईला हे शोभत नाही. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. माफी मात्र मी मागणार नाही. आता मुद्द्याचे ऐक.

नागपुरात सतरा वर्षे काढून पेव म्हणजे काय हे तू विसरला असशील. वाड्यामागच्या बरड जमिनीत आपली दोन पेवे आहेत. तोंड एवढे अरुंद की माणूस खांदे चोरून आत जातो, आणि पोट एवढे मोठे की त्यात वर्षाची ज्वारी मावते. खाली-भोवती कडबा, वर शिळा, शिळेवर माती. बंद केलेल्या ज्वारीचा दमट वास तुला आठवत असेल. त्या वासाबरोबर एक वायू साचतो, त्याला वास नसतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो, पाहुण्यासारखा, कोणी हलवल्याशिवाय हलत नाही. (हे मी १९२३ साली कॉलेजात शिकले. वर्गात मी एकटी मुलगी होते आणि प्रोफेसर माझ्याकडे न बघता भिंतीला शिकवीत, तरी मला समजले. भिंतीला समजले की नाही ठाऊक नाही.)

तीन वर्षांपूर्वी याच गावात चिंधू पेवात उतरला आणि बोलेनासा झाला. त्याला काढायला शेजारचा माणूस उतरला. त्याला काढायला तिसरा. तिघेही दुपारी कुदळीने तोंड रुंद करून काढावे लागले. त्या वेळी बंडोपंतकाका म्हणाले की पेवात सटवाईचा फेरा होता. मी त्यांना तोंडावर सांगितले की फेरा नव्हता, घाई होती. आमचे बिघडले ते तेव्हापासून, आत्तापासून नाही.

आता गावात पेवात उतरणारा एकच जाणता माणूस राहिला, नत्थू. तो काकांचा सालदार, आणि त्याची बायको धुरपता ही चिंधूची सख्खी बहीण. दर उन्हाळ्यात पेरणीच्या तोंडाशी पेवे उघडतात, दर उन्हाळ्यात नत्थू कमरेला दोर बांधून सगळ्या गावच्या पेवांत उतरतो, आणि धुरपता त्या दिवशी भाकरी करीत नाही, नुसती चुलीपुढे बसून राहते. हे मी दोन उन्हाळे पाहिले. तिसरा पाहायचा नाही असे ठरवून हिंगणघाटला गेले आणि एका जिनिंगच्या भंगारातून कापसाच्या गाठी उचलायची हातविंच आणली. लोखंडी तिपाई, तिच्यावर दोराचे पिंप, फिरवायला दांडा, आणि दातेरी चाकात पडणारी खिट्टी. दांडा वर ओढायला फिरवला की खिट्टी दात्यादात्यात टक्-टक् पडत जाते, मग हात सुटला तरी ओझे मागे जात नाही. खाली सोडताना मात्र खिट्टी उचलावी लागते आणि तेव्हा सगळा भरवसा हातांवर. फिटरकडून मी नवा दोर आणि ब्रेकही बसवून घेतला. गावाने तिला ‘बाईची मशीन’ हे नाव दिले आणि लोक कामधंदा सोडून पाहायला आले.

नत्थूचा कमरेचा दोर मी पहिल्या दिवशीच बंद केला. बेशुद्ध माणूस कमरेने ओढला की दुमडतो आणि दुमडलेला माणूस पेवाच्या तोंडातून निघत नाही, हे चिंधूच्या वेळी सगळ्यांनी पाहिले होते, पण पाहून कोणी काही शिकले नव्हते. मी खाटेच्या नवारीचा पट्टा शिवला. दोन्ही खांद्यांवरून, छातीभोवती, मांड्यांखालून, आणि मानेमागे लोखंडी कडी. त्यात माणूस मेल्यासारखा असला तरी उभाच्या उभा वर येतो. नत्थूने तो घातला आणि म्हणाला, “बाई, हे तं घोड्याचं खोगीर झालं.” मी म्हटले, घोडा परत येतो ना? तो हसला. धुरपता हसली नाही, तिने एक-एक टाका ओढून पाहिला.

दांड्यावर मी प्रेमदासला बसवले. अंगात ताकद, डोक्यात घाई नाही, आणि दारूला शिवत नाही. एवढा गुणी माणूस निवडताना माझ्या हे ध्यानात आले नाही की तो सगळ्या पंचक्रोशीत सर्वांत नम्र माणूस आहे. माणूस उतरवण्याआधी मी नत्थूच्या वजनाचे ज्वारीचे पोते आपल्या रिकाम्या पेवात उतरवून पाहत होते. खिट्टी उचललेली, प्रेमदास दोन्ही हातांनी दांडा धरून सावकाश सोडतो आहे, इतक्यात रस्त्याने पोस्टमन गेला. प्रेमदासने दांडा सोडला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, “रामराम, भाऊ.” पोते धाडकन तळाला. दांडा गरगरा फिरला आणि त्याने प्रेमदासचा फेटा पार बाभळीत उडवला. फेट्याखाली डोके होते, ते दोन बोटांनी वाचले. पोस्टमनने उलट रामराम केला आणि निघून गेला. नत्थू पेवाच्या तोंडाशी वाकून त्या फुटलेल्या पोत्याकडे बराच वेळ बघत राहिला.

तेव्हा मी नियम केला. माणूस दोरावर असेतो दांड्यावरच्याने कोणालाही रामराम करायचा नाही. पोस्टमनला नाही, तहसीलदाराला नाही, प्रत्यक्ष देव आला तरी नाही. (बाकीचे नियम गावाने मुकाट ऐकले: आधी कंदील सोडायचा, दोराला एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे ओढ, आणि आतला पडला तर त्याच्यामागे कोणी उतरायचे नाही, वरूनच ओढायचे. रामरामाच्या नियमावर मात्र हनुमानाच्या पारावर दोन दिवस वाद झाला.)

सोमवारी आपले भरलेले पेव उघडायचे ठरले, म्हणून शिळा रविवारी काढली. कंदील सोडला, अर्ध्यावर विझला. रात्रभर तोंड उघडे ठेवले, सकाळी कडुलिंबाच्या फांद्या दोराने खालीवर हलवल्या, पुन्हा कंदील सोडला, या वेळी जळत राहिला. नत्थू उतरला. टोपल्या वर येऊ लागल्या. सगळे सुरळीत चाललेले आणि काका आले.

“काय प्रेमदास, रामराम!” काका म्हणाले. प्रेमदासने दांडा घट्ट धरला आणि समोरच्या कुंपणाकडे पाहिले. “रामराम म्हटलं मी.” प्रेमदासच्या कपाळावर घाम. “अरे, बहिरा झाला काय?” प्रेमदासने केविलवाण्या भुवया उडवल्या, एवढाच रामराम त्याच्याजवळ शिल्लक होता. कृष्णकांत, या माणसाच्या आज्याने काकांच्या आज्याला रामराम केलेला. त्याला त्या क्षणी पेवात जायला सांगितले असते तर बरे वाटले असते.

काका संतापले. नत्थूला वर बोलावले आणि भाषण दिले: आपले बापजादे नुसत्या लंगोटीवर उतरत, बाईमाणसाने यंत्र आणले आणि मोठ्यांचा मान गेला, आता मीच उतरतो. मी म्हटले, खुशाल उतरा, कंदील जळतो आहे, पण पट्टा घालून. काकांनी पट्टा घातला, तो कोट-टोपीसकट, धोतरावरून, आणि तोही मी पेवाचे तोंड अडवून उभी राहिल्यावर. (त्यांना तू लहानपणापासून ओळखतोस. माघार घेण्यापेक्षा ते खोगीर घालतील.)

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुला शोधत बसायला नको. कंदील मी मधोमध, छातीइतक्या उंचीवर टांगला होता. तळाच्या कोपऱ्यापर्यंत नेला नव्हता. नत्थू शहाणा, तो मधल्या मधे टोपली भरीत होता. काका उतरले ते सरळ कोपऱ्यात गेले आणि माझी ज्वारी कुजली आहे का हे हुंगायला खाली वाकले. (कुजली असावी अशी त्यांना बरीच आशा होती.) कोपऱ्यातली खरोखरच कुजली होती. काका वाकले ते उठलेच नाहीत. मी हाक मारली. उत्तर नाही. दोराला झटका नाही.

यापुढचे नीट वाच, कारण हे काकांनी तुला लिहिलेले नाही, त्यांना ते ठाऊकच नाही. नत्थू धावला. मालक पडला म्हणून, पट्टा नाही, दोर नाही, तसाच पेवाच्या तोंडाकडे. तीन वर्षांपूर्वी जसा दुसरा धावला, तसाच. मी ओरडले, पण त्याला ऐकू आले नाही. ऐकू आले ते धुरपताचे. ती कुठून आली मला कळले नाही. तिने त्याचे पाय ओढून त्याला मातीत पाडला आणि त्याच्या छातीवर बसली. “मालक मरून राह्यला ना!” तो ओरडला. “मशीन ओढते त्याले,” ती म्हणाली. “तू काऊन उठतं? माहा भाऊ गेला तेवढा पुरे. हालला तं पाहाजो!” आणि ती त्याच्यावर बसून रडत होती, आणि रडता-रडता त्याला मारीतही होती.

प्रेमदास दांडा फिरवीत होता. टक्, टक्, टक्. मग काका आले, खांद्यांतून सरळ, उभेच्या उभे, डोळे मिटलेले, एखादी मूर्ती विसर्जनातून उलटी परत यावी तसे. कोट होता. टोपी नव्हती. धोतर कडब्यात अडकून खाली राहिले. मी तोंडावर पाणी मारले आणि त्यांनी एक मोठा श्वास घेतला. तो श्वास मी जन्मभर विसरणार नाही.

राहिला त्यांना टांगून ठेवल्याचा आरोप. लोंबता माणूस बाजूला ओढून घ्यायचे काम नत्थूचे ठरलेले. नत्थूवर धुरपता बसलेली, आणि ती काही केल्या उठेना. प्रेमदासला मीच बजावले होते की मी सांगितल्याशिवाय दांडा सोडायचा नाही. चाळीस माणसांपैकी एकही पुढे आला नाही, कारण प्रत्येकाला वाटले की काकांना या वेषात आपण हात लावला तर तो जन्मभराचा वैरी व्हायचा. म्हणून काका चार मिनिटे शुद्धीवर येत लोंबकळले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा लोंबकळतील. पाच मिनिटे लागली तर पाच.

तेव्हा ‘माफीचे दोन शब्द लिहून टाक’ ही तुझी सूचना मी परत करीत आहे. घराण्याची अब्रू तू म्हणतोस ती जर धोतरात होती, तर ते धोतर दुसऱ्या दिवशी काढून, धुऊन, घडी घालून मी काकांकडे पाठवले आहे.

मुलांना आशीर्वाद.

तुझी
माणिकताई

ता. क. - येत्या गुरुवारी, २७ तारखेला, ग्रामपंचायतीत ठराव येतो आहे की पेवावर यंत्र वापरायची कोणावर सक्ती नसावी आणि मी वडीलधाऱ्यांचा अवमान केला याबद्दल गावाला खेद वाटतो. काका स्वतः बोलणार आहेत. माझे उत्तर तयार आहे, अकरा पाने झाली. तुला हे नुसते कळवते. तुझ्याकडे माझे काही मागणे नाही.

ता. क. दुसरा - पाकीट बंद करीत होते, तेवढ्यात धुरपता येऊन गेली. तिच्या हातून काकांचा निरोप आहे. रविवारी, ३० तारखेला, ते स्वतःचे पेव उघडत आहेत, त्यात नत्थूच उतरणार. पंचायतीत बाईने तोंड उघडले नाही तर मशीन आणायला त्यांची हरकत नाही. उघडले, तर नत्थू कमरेला दोर बांधून उतरेल. काकांना यंत्राची किंमत कळलेली आहे, माझ्यापेक्षा जास्त कळलेली आहे, पण ती त्यांना चारचौघांत मोजता येत नाही. “बाई, एक दिवस चूप राहून घ्या,” धुरपता म्हणाली. “माह्यासाठी.” मी तिला हो म्हटले आणि अकरा पाने चुलीत घातली.

ता. क. तिसरा - तरी बुधवारच्या गाडीने वर्ध्याला ये, तिथून मोटार मिळेल, आणि गुरुवारी पंचायतीत माझ्या अगदी शेजारी बस. काका बोलू लागले आणि मी उठू लागले की मला खाली बसव. लोक पाहतील, पाहू देत. एकावन्न वर्षांत मी कधी कोणाचे मुकाट ऐकून घेतलेले नाही, आणि सरावाला सहाच दिवस आहेत.