पंधरापैकी एक चिठ्ठी अर्जदाराची नाही

प्रति,
मा. मुख्याध्यापिका सिस्टर,
शाळेचे मुख्य कार्यालय.

विषय : अर्जदाराने कबूल केलेल्या गुन्ह्यातून एक चिठ्ठी तातडीने वजा करण्याबाबत.
संदर्भ : अर्जदारास मिळालेली लेखी ताकीद व सोबतची पंधरा चिठ्ठ्यांची यादी.

महोदया,

१. अर्जदार हा शाळेचा शिपाई. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, म्हणून पोरं त्याला किल्लीकाका म्हणतात. चॅपेलबाहेरची 'मनातलं सांगा' ही पेटी त्यानेच भिंतीला ठोकली. मुलांनी दुःख लिहून टाकायचं, फादरांनी दर गुरुवारी वाचायचं, असा चांगला बेत होता. पण विद्यार्थी-कल्याण समितीने वर पाटी लावली : नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक व पालकांची सही आवश्यक. चार महिन्यांत पेटीत फक्त एक कोळी राहायला आला, तोही विनासही.

२. अर्जदाराला हे बघवेना. शिवाय त्याची खोड जुनी, हे आपण जाणताच (पाहा : स्टाफरूमच्या घड्याळाचे प्रकरण). त्याने डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या आणि येता-जाता वाचता याव्यात म्हणून फटीतून अर्ध्या बाहेर ठेवल्या. 'गणिताच्या बाईंचा चष्मा हरवला की मला आनंद होतो. फादर, हे पाप लहान की मोठं?' 'माझा डबा मित्र खातो आणि वर नावं ठेवतो.' पोरं खिदळायला लागली, पेटीपाशी घुटमळायला लागली. त्यांची भीड चेपावी, एवढाच हेतू.

३. समितीने पेटी उघडली आणि मुलांची अक्षरं ताडून पाहायला घेतली. तेव्हा अर्जदार आपणहून उपमुख्याध्यापकांपुढे उभा राहिला. "सर, तो टवाळ मीच." ताकीद मिळाली, न वाचता सही केली. पेटीच्या फटीवर पट्टी ठोकायचं कामही त्यालाच मिळालं.

४. घरी बायकोने ताकीद मोठ्याने वाचली. चौदा चिठ्ठ्या होईपर्यंत ती पदर तोंडाला लावून हसत होती. पंधरावीपाशी थांबली. "अहो, हे तुम्ही नाही लिहिलं." नाही लिहिलं. अर्जदाराच्या चौदाच. ही कुणीतरी पार आत टाकली होती, म्हणून त्याला दिसलीच नाही. मजकूर असा : 'माझी जागा रिकामी राहिली तर किती दिवसांनी कळेल?'

५. अर्जदार दुसऱ्या दिवशी धावत कार्यालयात गेला. हेडक्लार्क म्हणाले, "काका, चौदा काय नि पंधरा काय, ताकीद तेवढीच. सही केलीत ना? मग गप बसा." उपमुख्याध्यापकांनी कळवलं की संख्या बदलायला ठराव लागतो आणि समिती महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीच बसते. चिठ्ठी दुसऱ्या कुणाची असल्यास त्या विद्यार्थ्याने पालकांच्या सहीनिशी तसा अर्ज करावा.

६. तेव्हापासून अर्जदार सकाळी फाटकात उभा राहून प्रत्येकाला एक विनोद सांगतो आणि कोण हसत नाही ते बघतो. काल एकतीस जण हसले नाहीत. विनोद जुने आहेत, त्यामुळे पुरावा पक्का नाही. मग तो वर्गावर्गात डोकावतो. रिकामी जागा दिसली की शेजारच्या पोराला विचारतो. सर्दी झालीय, दात काढलाय, आजी आजारी आहे, असं कळलं की पुढच्या वर्गाकडे जातो.

७. विनंती एवढीच, की मूळ चिठ्ठी फाइलमधून काढून फादरांना आजच द्यावी, गुरुवार बघू नये. वर्गशिक्षकांनी प्रत्येक लेकराशी एकेकटं बोलावं. पाटी काढावी. पट्टी उखडायची पक्कड अर्जदाराच्या खिशातच आहे. त्या लेकराने अर्जदाराच्या टवाळीच्या आडोशाने धीर करून लिहिलं, आणि ते अर्जदाराच्याच सहीखाली गाडलं गेलं. चौदा चिठ्ठ्यांची शिक्षा दुप्पट करा, तो हूं की चूं करणार नाही.

८. किती दिवसांनी कळेल, असं विचारलंय सिस्टर. पेटी उघडली त्याला आज नऊ दिवस झाले. पहिला शुक्रवार अजून सोळा दिवसांवर आहे.

उत्तर मिळेपर्यंत आपल्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला,
किल्लीकाका
(सही उजव्या हाताने)

दिनांक : नववा दिवस, पहिल्या घंटेआधी.
सोबत : ताकीदपत्राची प्रत, डाव्या हाताच्या अक्षराचा नमुना, पेटीची किल्ली.