निरोपाचं जेवण

श्रद्धाबाई,

नमस्कार घालायला हात उठत न्हाय, म्हणून सरळच बोलते. म्हसळ्याला तुमची बदली झाली, तेव्हा आमी गावानं तुमाला शाल-नारळ दिला, सोड्यांची खिचडी केली. वाढताना मी विचारलं, "नवीन बाई कधी येतील?" तुमी ताटात बघत म्हणालात, "येतील हो, काशीताई."

पोरं कमी म्हणून शाळाच बंद होणार, हे तुमाला ठाऊक होतं. मग गप का बसलात? आमी तेव्हाच तालुक्याला जाऊन भांडलो असतो!

आता शाळा खाडीपल्याड. एसटी आली तर आली. तुमी रोज घरी येऊन "तेजस्वी, चल गं!" म्हणून पोरीला न्यायचात. आता ती माझ्याबरोबर कोळंबी सोलते.

काल म्हणाली, "आई, निघताना बाईंनी माझ्याकडं बघितलंच न्हाय. माझ्यावर रागावल्या होत्या का गं?"

रागावल्या न्हवत्या, तोंड लपवत होत्या, हे तिला कसं सांगू?

हे पत्र मी टाकणार न्हाय. वाचून तुमी रडत इकडं याल, आणि तुमाला बघून पोरगी परत दप्तर भरंल. शाळेला तर कुलूप हाय.

तुमच्या तेजस्वीची आई,
काशी